क्रीमखालचा गुलाबी टप

बस वितळवली ती कवळ्यानंच, आणि तीही शहाणपणा करायला जाऊन.

सोमवारी दुपारी दीडला, डॉक्टर जेवायला गेल्यावर, त्यानं लॅबच्या टेबलावर पिशवीतून वीतभर लांबीची प्लास्टिकची बस काढली, कापसाचा बोळा लिक्विडमध्ये बुचकळला आणि टपावरचा लाल रंग पुसायला घेतला. रंग निघाला. झकास निघाला. कवळ्या मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटतोय तोवर त्याचा अंगठा टपात रुतला. दचकून त्यानं अंगठा उचलला, तर टपही थोडा त्याच्याबरोबर वर आला, चिकासारखी तार काढत. दोन मिनिटांत बसच्या डोक्यावर एक खड्डा आणि खड्ड्यात कवळ्याच्या अंगठ्याचा स्वच्छ ठसा. पोलिसांना शोधायला त्यानं काही ठेवलंच नव्हतं.

कवळ्या दातांच्या डॉक्टरांकडे मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवतो, म्हणून मित्रांनी हे नाव ठेवलं. त्याचे स्वतःचे बत्तीसही दात शाबूत आहेत, आणि नव्या माणसाशी ओळख झाली की तो ते दाखवतोच. त्याच्या कामात गुलाबी पावडरीत एक उग्र वासाचं लिक्विड कालवतात. त्या पिठाच्या हिरड्या होतात. हातावरचे, टेबलावरचे, चपलेवरचे डाग आठ वर्षं तो त्याच लिक्विडनं काढत आला होता. चपलेवरचा रंग जातो तर बसवरचा का जाणार नाही, इतका सरळ विचार. बाबांनी बजावून सांगितलं होतं की बस ब्रेक ऑईलमध्ये बुडवून ठेव, घाई करू नकोस, दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं घास. पण वडिलांनी सांगितलेल्या पद्धतीपेक्षा आपली पद्धत लवकरची असते, असं प्रत्येक मुलाला एकदा तरी वाटतंच. कवळ्याला ते सोमवारी दीड वाजता वाटलं.

आता ती बस त्याची असती तर त्यानं ती कचऱ्यात टाकून दिली असती. बस होती फोरमनसाहेबांची.

फोरमनसाहेब आणि कवळ्याचे बाबा बसच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं बरोबर होते. साहेब फोरमन, बाबा रंगखात्यात. बाबांना तिथे सगळे मास्तर म्हणत. त्या काळी बसगाड्या वरून क्रीम, खालून निळ्या असायच्या, मध्ये बोटभर मरून पट्टा. निळा आणि मरून डब्यात तयार यायचे, क्रीम मात्र मास्तर डोळ्यानं बनवायचे. पांढऱ्याच्या पिंपात थोडा पिवळा, किंचित तांबडा, काठीनं ढवळायचं, काठी उजेडात धरायची, अजून दोन थेंब. कुठे कागदावर लिहिलेलं नाही, नंबर नाही. एकतीस वर्षांत एक गाडी दुसऱ्या गाडीपेक्षा वेगळी निघाली नाही. मग गाड्या लाल झाल्या, जुन्या भंगारात गेल्या आणि क्रीम उरला तो मास्तरांच्या डोळ्यात.

साहेबांच्या मुलीनं परदेशातून हा बसचा किट पाठवला होता. साहेबांनी सुटे भाग जोडून, खोक्यावरच्या चित्राबरहुकूम ती लालभडक रंगवली. मग वर्कशॉपच्या नव्या इमारतीत दर्शनी भागात काचेचं कपाट आलं आणि त्यात ठेवायला ‘आपल्या रंगातली’ बस हवी असं ठरलं. चहाच्या टपरीवर साहेब हळहळले की तो क्रीम आता कुणाला जमणार, डबासुद्धा मिळत नाही. मास्तर म्हणाले, “डबा कशाला लागतो? आणा इकडे.”

बारा माणसांनी हे ऐकलं. शनिवारी अकरा वाजता सगळी जुनी मंडळी त्या कपाटापुढे जमणार होती. निवृत्तीनंतर बाबांना चाळीतला पंखासुद्धा कोणी विचारून लावत नसे. त्यांच्याकडे आपली म्हणावी अशी एकच गोष्ट राहिली होती: डोळा. शनिवारी तो सगळ्यांसमोर खरा ठरणार होता किंवा खोटा.

आणि कवळ्याकडे होती बिनटपाची बस.

डॉक्टर परत येईपर्यंत त्यानं ब्लेडनं वितळलेला टप कापून काढला होता. उरलेल्या लाल बसला त्यानं निमूटपणे ब्रेक ऑईलची अंघोळ घातली. मग जे हाताला येतं तेच केलं. मेणाचा पत्रा कोमट करून टपाच्या आकारात वाकवला, त्यावर टपाच्या आडव्या पट्ट्या कोरल्या, प्लास्टरमध्ये साचा घेतला, मेण उकळत्या पाण्यानं घालवलं, साच्यात पावडर-लिक्विड भरलं. डॉक्टर पावडरीचा डबा वजन करून ठेवतात, म्हणून घरच्या-दारच्या कामांसाठी कवळ्या स्वतःची पावडर वेगळ्या डबीत आणून ठेवतो. त्या डबीत होती तेवढी शेजारच्या मावशींच्या कवळीपुरती होती. पुढचा दात तुटलेली ती कवळी दहा दिवस पाण्याच्या डबीत पडून होती आणि दहा दिवस कवळ्या “उद्या” म्हणत होता. त्यानं पाण्याच्या डबीकडे पाहिलं नाही. पावडरीची डबी रिकामी केली.

मंगळवारी दुपारपर्यंत टप तयार झाला. घासून पुसून बसला जोडला तेव्हा चपखल बसला, फक्त हिरड्यांसारखा गुलाबी होता. बस नुकतीच जन्मल्यासारखी दिसत होती. कवळ्यानं घाईनं तिच्यावर करडं अस्तर मारलं आणि संध्याकाळी बाबांच्या पुढ्यात ठेवली. बाबांनी ती हातात फिरवली, टपावरून बोट नेलं, “हं,” म्हणाले आणि खाली ठेवली. कवळ्याला वाटलं, सुटलो.

सुटला नव्हता. खरी गोष्ट तर पुढेच होती.

त्याच संध्याकाळी बाबा गॅलरीत बसून काचेच्या तुकड्यावर क्रीम कालवत होते. सुरीनं रंग पसरला, काच उजेडाकडे धरली आणि कवळ्याला विचारलं की कसा वाटतो. कवळ्यानं पाहिलं. तो क्रीम नव्हताच, दवाखान्याच्या भिंतीसारखा पांढरा होता, वर किंचित निळसर झाक. आता, पांढऱ्याच्या जाती ओळखणं हेच कवळ्याचं पोटापाण्याचं काम. शेड गाईड म्हणून एक पट्टी असते, तिच्यावर चार रांगांत सोळा नकली दात बसवलेले असतात, प्रत्येक वेगळ्या पांढऱ्याचा. तो पेशंटच्या तोंडाशी पट्टी धरून नेमका दात सांगतो. ते सोळाही त्याला तोंडपाठ होते आणि समोरचा रंग त्यातल्या सगळ्यात पांढऱ्याच्याही पलीकडचा होता.

“चांगला आहे,” तो म्हणाला. “जरा जास्त पांढरा होतोय का?”

“पांढरा? अरे, पिवळा झालाय. मी अजून पांढरा घालणार आहे.” बाबांनी काच त्याच्या हातून घेतली. “दाताचं आणि बसचं वेगळं असतं. दात चावायला असतात. बस लांबून बघायची असते.”

स्वयंपाकघरात आईनं गॅस बारीक केला आणि पोळपाटावरची नजर न काढता हळू आवाजात सांगितलं की गेल्या महिन्यात हे एका पायात काळा आणि एका पायात निळा मोजा घालून बँकेत गेले होते. ट्यूबलाईट पिवळी पडली म्हणून दोनदा बदलून झाली, दोन्ही वेळा जुनी ठणठणीत होती. मी एकदा म्हटलं, डोळे दाखवून या, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग आई म्हणाली, “तूच सांग बाबा. माझं ऐकायचं त्यांनी कधीच सोडून दिलंय.”

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ज्या माणसाकडे एकच गोष्ट उरली आहे त्याला जाऊन म्हणायचं की तीही गेली. आणि न सांगावं तर शनिवारी अकरा वाजता ते काम फोरमनसाहेब करणार, चाळीस माणसांदेखत. कवळ्यानं त्या दिवशी भाजी दोनदा वाढून घेतली आणि दोन्ही वेळा तशीच ठेवली.

वाट दाखवली मावशींनी. मावशी शेजारच्या दारात राहतात. आयुष्यभर टेलिफोन ऑफिसात बोलून निवृत्त झाल्या, पण बोलण्यातून निवृत्त झाल्या नाहीत. चांगली कवळी कवळ्याकडे अडकल्यामुळे त्या जुनी, सैल कवळी घालून बोलत होत्या आणि प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजत होती. दोन गॅलऱ्यांमध्ये अंतर हातभर असल्यानं त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी जिन्यात कवळ्याला गाठून सांगितलं की तुझ्या बाबांनी वर्कशॉपच्या उरलेल्या रंगात माझं कपाट रंगवून दिलं होतं. बाहेरून मी ते नंतर तपकिरी करून घेतलं, पण खणाच्या आत अजून तोच रंग आहे.

“खण ने,” मावशी म्हणाल्या, “पण माझे दात दे.”

“उद्या,” कवळ्या म्हणाला.

बुधवारी सकाळी तो खण घेऊन बाबांपुढे उभा राहिला. एवढी सरळ गोष्ट होती: हा तुमचाच रंग, हा तुमचाच हात, आता या शेजारी तुमची काच धरा. खणाचा तळ पिकल्या कागदासारखा होता. बाबांची काच त्याच्याशेजारी बर्फासारखी दिसत होती. बाबांनी दोन्हीकडे बराच वेळ पाहिलं.

“हा खण प्रमाण धरू नकोस,” बाबा शांतपणे म्हणाले. “ऑईल पेंट अंधारात राहिला की पिवळा पडतो. उन्हात ठेवला की उतरतो. वर्कशॉपमधल्या कुणालाही विचार.”

आता बोला. हे खरं होतं, की न दिसणाऱ्या डोळ्यानं काढलेली पळवाट होती? कवळ्याला ठरवता येईना. बाबांनी मात्र ठरवलं होतं. त्यांनी खणाचा तळ खिळे काढून सुटा केला, अर्ध्यावर वर्तमानपत्र घट्ट चिकटवलं, उरलेला अर्धा उघडा ठेवून ती फळी गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टेकवली. शुक्रवारी दुपारी बघू, म्हणाले. कवळ्यानं हिशेब केला. शुक्रवारी दुपारी रंग ठरणार, शुक्रवारी संध्याकाळी मारणार, शनिवारी अकराला वाळलेला हवा. चुकायला जागाच नव्हती.

निळा भाग आणि मरून पट्टा त्यांनी गुरुवारी उरकला. डब्यातले रंग असल्यानं तिथे वाद नव्हता. मग कागद चिकटवून बसचा खालचा अर्धा झाकून टाकला. वरचा अर्धा करडा तसाच राहिला. बाबा दिवसातून चार वेळा फळीकडे जाऊन यायचे, ती सूर्याच्या बाजूला वळवून ठेवायचे. कवळ्यानं लॅबमध्ये एका आजोबांना खालचे दात वरच्या साच्यात बसवून दिले आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

शुक्रवारी तो अर्धी रजा टाकून बाराला घरी आला. बाबांनी फळी मांडीवर घेतली आणि नखानं वर्तमानपत्र सोलून काढलं.

झाकलेली बाजू पिकल्या कागदासारखी होती तशीच होती. उघडी बाजू उतरली होती. पांढरी नव्हे, पण मवाळ, सायीसारखी. मधोमध रेष, पट्टीनं मारावी तशी. आई दारात उभी होती, तिनंही पाहिलं. पलीकडच्या गॅलरीतून मावशींची शिट्टी आली, “अगं बाई, सुरीनं कापल्यासारखं दिसतंय.”

म्हणजे बाबांचं खरं होतं. कवळ्या सुटकेचा श्वास घेणार, इतक्यात बाबांनी फळी उजेडाकडे धरली, तिरपी केली, हातात दोन-तीनदा गोल फिरवली, परत सरळ केली. त्यांचा अंगठा तिच्यावरून सरकत गेला, डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. दोन्ही वेळा तो त्या रेषेवरून गेला आणि थांबला नाही. ती रेष अंगठ्याला लागणारी नव्हतीच. ती फक्त डोळ्यानंच दिसणारी होती.

“कागद कुठल्या बाजूला होता?” बाबांनी विचारलं.

आत कुकरची शिट्टी झाली तरी आई जागची हलली नाही.

“डाव्या,” कवळ्या म्हणाला.

बाबांनी मान हलवली. फळी हळूच खाली ठेवली, स्टुलावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं की तुला कधीपासून माहीत आहे. कवळ्या म्हणाला, मंगळवारपासून. आईला मोज्यांपासून.

“आणि मी म्हटलं होतं ते? उन्हात उतरतो म्हटलं ते?”

“उतरला, बाबा. तुम्ही म्हटलात तस्साच उतरला.”

“बरं.” मग त्यांनी पांढऱ्याचा डबा पुढे ओढला. “ये, बस इथं. तू बघ, मी ओततो.”

कवळ्यानं शेड गाईड आणलं होतं. उघड्या बाजूशी धरून पाहिलं आणि सांगितलं की दुसऱ्या रांगेतला पहिला दात, त्याहून केसभर तांबूस. बाबांनी असल्या भाषेत आयुष्यात रंग बनवला नव्हता. त्यांनी पिवळ्याचे थेंब टाकले, ढवळलं, काठी वर धरली. आता? अजून. आता? अजून एक. तांबड्यात त्यांनी फक्त काडीचं टोक बुडवलं, कुठे थांबायचं ते हाताला माहीत होतं, पण थांबण्याआधी त्यांनी मुलाकडे पाहिलं.

“थांबा,” कवळ्या म्हणाला.

एकतीस वर्षांत त्यांना हा शब्द कोणी म्हटला नव्हता. ते थांबले.

मग त्यांनी रंग फवारायची लहान गन हातात घेतली. हात मात्र अजून जुनाच होता, तीळभर थरथरत नव्हता. फवारा टाकण्याआधी त्यांनी टपावर नखानं टिचकी मारली. टिक असा आवाज यायला हवा होता, टक असा आला.

“आता एवढं बोलतोच आहोत तर,” बाबा म्हणाले, “हा टप कुणाच्या कवळीचा आहे?”

कवळ्या शेड गाईड पुसायला लागला.

“बस आली त्या दिवशी मी बोटानं पट्ट्या मोजल्या होत्या. अकरा होत्या. मंगळवारी दहा झाल्या.”

“मावशींच्या,” कवळ्या म्हणाला. पलीकडच्या गॅलरीत काहीतरी आपटल्याचा आवाज झाला.

बाबा हसले नाहीत, पण त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं. मंगळवारी ओरडले का नाहीत ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दोघांनीही एकेक गोष्ट झाकून ठेवली होती. त्यांनी गन वर उचलली आणि डोळे जवळजवळ मिटून, फवाऱ्याच्या आवाजावर कान ठेवून, पातळ पातळ तीन हात दिले.

शनिवारी नऊलाच फोरमनसाहेब बस न्यायला दारात हजर. चष्मा पुसून त्यांनी बस दोन्ही हातांनी उचलली आणि पहिलं बोट टपावरून फिरवलं.

“हा टप माझा नाही,” साहेब म्हणाले. “शेवटच्या पट्टीशी माझा गोंद सांडला होता. तो कुठाय?”

कवळ्या पुढे झाला. काका, माझ्याकडून वितळला, त्यानं सांगितलं, नवा मी ओतला. कशाचा, असं साहेबांनी विचारलं. कवळीच्या प्लास्टिकचा, कवळ्या म्हणाला. साहेबांनी थोडा विचार केला.

“मग हरकत नाही. आमच्यातली निम्मी मंडळी त्याच प्लास्टिकवर जेवतात.”

पण त्यांचं काम संपलं नव्हतं. ते बस घेऊन जिन्याच्या खिडकीपाशी गेले, जिथे सकाळचं ऊन सरळ आत येतं, आणि तिथे उभे राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“तोच,” साहेब अखेर म्हणाले. “अगदी तोच, मास्तर. अजून डोळ्यावरच काढलात?”

बाबांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्या क्षणी घरातल्या कोणीही काही बोललं नसतं. शनिवार पार पडला असता.

“डोळ्यावरच,” बाबा म्हणाले. “पण पोराच्या. माझ्या दोन्हींत मोतीबिंदू असणार.”

त्या घरात हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. साहेबांनी बस छातीशी धरली आणि मास्तरांकडे पाहिलं.

“म्हणून तुम्ही परवा बाजारात मला ओळख दिली नाहीत होय? मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, मास्तर रागावलेत माझ्यावर.”

अकरा वाजता बस कपाटात बसली. खाली साहेबांनी आधीच लिहून आणलेलं कार्ड होतं, ‘रंगकाम: मास्तर’. बाबांनी साहेबांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि खाली आणखी दोन शब्द लिहिले, ‘डोळा: मुलगा’. कार्डावरची रेघ त्यांना दिसली नाही, त्यामुळे ते शब्द तिरपे चढत कोपऱ्यात गेले. साहेब नवीन कार्ड करतो म्हणाले. कवळ्यानं ते करू दिलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख सोमवारी घ्यायचं ठरलं, आणि आईनं ते चारचौघांत ठरवून घेतलं, म्हणजे मागे फिरायची सोय नको.

संध्याकाळी कवळ्यानं फळी खिळ्यांनी ठोकून खण मावशींना परत नेऊन दिला. अर्धा पिवळा, अर्धा सायीसारखा. मावशींनी तो आत-बाहेर करून पाहिला, बरा सरकतोय म्हणाल्या आणि हात पुढे केला.

“दात?”

कवळ्यानं पावडर संपल्याचं सांगितलं. नवी यायची आहे, दुकानदार म्हणतो बुधवारी, फार तर गुरुवारी.

“संपली कशी, ते सगळं ऐकलंय मी,” मावशी म्हणाल्या, आणि त्या एका वाक्यात दोन शिट्ट्या वाजल्या. “सगळं वर्कशॉप माझे दात बघून आलं. मीच तेवढी राहिले.”

त्यांची चांगली कवळी अजून लॅबमध्ये पाण्याच्या डबीत आहे, पुढचा एक दात नसताना वर बघून हसत.